सभा संपली, असं आता कुणी म्हणत नाही

गेल्या दिवाळीत परभणीला गेलो होतो. रात्रभर गाडीत अवघडून सकाळी घरी पोचलो, बॅग अजून टेकवली नव्हती, तोच ताईचा हुकूम सुटला.

"तू इंजिनिअर आहेस ना? मग ह्याच्या मोबाईलला काहीतरी कुलूप लावून दे बरं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघत बसायलाय. बोलायला गेलं की खेकसतो."

"ह्याच्या" म्हणजे आमच्या भाचेसाहेबांच्या. वय १४, इयत्ता नववी. पूर्वी मी येणार म्हटलं की हे महाशय दाजींच्या गाडीवर पुढे बसून स्टेशनवर हजर असायचे. आता मान वर न करता "हाय मामा" म्हणतात. तेही नशीब.

तर मंडळी, इंजिनिअर कामाला लागला. एक बरंसं ॲप शोधलं, दिवसाला २ तास, रात्री १० नंतर पूर्ण बंद, असं सगळं सेट केलं. ताईला रीतसर डेमो दिला. ताई खूश, आई खूश, मला दुसऱ्यांदा चहा मिळाला. तो संपायच्या आत साहेबांनी मोबाईलचं घड्याळ मागे नेऊन कुलूप उघडलं होतं! एकूण वेळ २० मिनिटं. राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, आधी थोडं कौतुकच वाटलं.

मग त्याने विचारलं, "मामा, तू कंपनीत नेमकं काय करतोस?"

मी खरेदीच्या एका ॲपच्या नोटिफिकेशनच्या टीममध्ये आहे. गिऱ्हाईक ३ दिवस फिरकलं नाही तर त्याला कुठला निरोप धाडायचा, किती वाजता धाडायचा, त्यात त्याचं नाव घातलं तर तो जास्त वेळा उघडतो का, हे बघणं माझं काम. थोडक्यात सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे लोकांनी मोबाईल बघावा म्हणून तुला पगार मिळतो. आणि मी बघू नये म्हणून तू ॲप टाकायलास."

आमची बोलती बंद.

त्याच दिवशी दुपारी आईने दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काढलेली एक पिशवी समोर आणून ठेवली. म्हणाली, बघ काय ठेवायचं, काय भंगारात द्यायचं. पिशवीत अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, ट्रान्झिस्टर होता. चामड्याचं कव्हर कडक झालेलं, सेलच्या जागी गंज. सोबत एक छोटी पुस्तिका, पोस्टाचे शिक्के मारलेली. मला वाटलं बचतीचं पासबुक असेल. बाबा म्हणाले, "अरे, हे रेडिओचं लायसन. दर वर्षी पोस्टात जाऊन फी भरावी लागायची."

रेडिओ ऐकायला लायसन! भाचेसाहेबांनीही त्या दिवशी पहिल्यांदा मोबाईलवरून नजर काढली. (ही लायसनची भानगड १९८० च्या दशकात संपली.) आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला. घरात अशी यंत्रं आपल्याकडे कधी कधी आली, प्रत्येक वेळी घरातल्यांनी काय केलं, आणि ह्या वेळी असं काय वेगळं झालंय की आमच्या घरातली माणसं एकमेकांशी बोलेनात? पुढचे दोन-तीन शनिवार-रविवार ह्यात गेले. त्याचाच हा लेख.

ओसरीवरचा रेडिओ

आमचं गाव मानवत तालुक्यात. माळवदाचं घर, पुढे ओसरी. कापसाचे पैसे आले त्या वर्षी अण्णांनी रेडिओ घेतला. परभणीला तोवर आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र झालेलं होतं. १८ मे १९७२ ला परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि हळूहळू तिथल्या शास्त्रज्ञांचा आवाज घरात यायला लागला. बोंडअळीवर काय फवारायचं हे आमच्या अण्णांनी रेडिओवर ऐकलं आणि मग पारावर त्यावर वाद घातला. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम आणि बाजारभाव. ओसरीवर रोज दहा-बारा माणसं जमायची.

ह्यात मला एक गोष्ट फार गमतीची वाटली. आकाशवाणीच्या भाषेत प्रसारणाच्या वेळेला "सभा" म्हणतात. सकाळची सभा, दुपारची सभा, रात्रीची सभा. प्रत्येक सभा संपली की निवेदक तसं सांगायचा, पुढची कधी सुरू होईल तेही सांगायचा, आणि मग नुसती खरखर. म्हणजे यंत्रच सांगायचं, की मंडळी, आता उठा.

शिवाय सेल महाग. सेल उतरले की अण्णा ते उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन-चार दिवस चालायचे म्हणे. आजच्या भाषेत स्क्रीन टाईमला हार्डवेअरचंच लिमिट होतं.

आता कुणी म्हणेल, बघा, जुना काळ किती सोन्याचा! तर थांबा. मी आजीला विचारलं, तू कुठे बसून ऐकायचीस? ती म्हणाली, "मी कुठली बसते? आत चुलीपाशी ऐकू येईल तेवढं." रेडिओचं बटन अण्णांच्या हातात. गाणी लागली की बंद. आणि ओसरीवर गावातली सगळी माणसं बसायची का, तर नाही. काहींना अंगणात उभं राहून ऐकावं लागायचं, आणि ती कोण हे सांगायला नको. ओसरीवरची सभा ही सगळ्यांची सभा नव्हती. हे मनात ठेवून पुढे जाऊ, कारण ताईच्या बाबतीत ते पुन्हा येणार आहे.

बंदी घातली की काय होतं

गाणी बंद करणारे अण्णा एकटे नव्हते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाच्या गाण्यांनी तरुण पिढी बिघडते असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आकाशवाणीवर त्यांनी शास्त्रीय संगीत वाढवलं आणि सिनेसंगीत जवळपास हद्दपार केलं. हेतू चांगला. परिणाम? अख्ख्या देशाने रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. त्याच सुमारास रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री ८ वाजता देशभरातली पोरं रेडिओला चिकटायला लागली. शेवटी सरकारनेच माघार घेतली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी सरकारी रेडिओवर परत आली.

हे सगळं मी जेवताना सांगत होतो, तर बाबा गालातल्या गालात हसायला लागले. ते निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, एरवी फार हसत नाहीत. म्हणाले, "अण्णा शेतावर जागलीला गेले की आम्ही तिघं-चौघं मित्र हाच रेडिओ घेऊन माळवदावर चढायचो. सिलोन लावायला." अण्णांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. (किंवा कळलं असेल, सेल लवकर उतरायचे ना.)

म्हणजे भाचेसाहेबांनी घड्याळ मागे नेलं तेव्हा त्यांनी घराण्याची परंपराच चालवली. पण एक फरक नोंदवून ठेवा. बाबांचा गुन्हा आठवड्यातून एकदा, एक तास, आणि चार जणांत मिळून होता. गीतमाला संपली की खाली उतरून झोपायचं, कारण दुसरं लावायला काही नव्हतंच.

पुण्यातलं १९५६ चं ए-बी टेस्टिंग

आता माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात भारी भाग. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पश्चिम महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. (आमची परभणी तेव्हा अजून हैदराबाद राज्यात होती, १ नोव्हेंबर १९५६ ला ती द्विभाषिक मुंबई राज्यात आली. त्यामुळे आमचा नंबर हुकला.) प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचा एक श्रोतृगट. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे १० आठवडे, २० कार्यक्रम. मूळ कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे असे गट रेडिओवर चालत होते.

गंमत इथे आहे. कार्यक्रम संपला की गटाने उठायचं नाही. ऐकलं त्यावर चर्चा करायची, गावात त्यातलं काय करता येईल ते ठरवायचं, आणि शंका पुणे केंद्राला लिहून पाठवायच्या. पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरं मिळायची.

प्रयोगाचं मोजमाप पॉल न्यूराथ ह्या समाजशास्त्रज्ञाने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे केलं. त्याने तीन प्रकारची गावं तपासली. एक, रेडिओ आहे आणि गटही आहे. दोन, रेडिओ आहे पण गट नाही. तीन, रेडिओच नाही. म्हणजे चक्क कंट्रोल ग्रुप! आपण हिंजवडीत बसून जे करतो आणि स्वतःला फार शहाणे समजतो, ते ह्या माणसाने १९५६ साली बैलगाडीच्या रस्त्यांवर केलं होतं.

निकाल असा, की गटाच्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्यामानाने फारच थोडी. यंत्र दोन्हीकडे तेच, कार्यक्रमही हवेतून तेच येत होते. फरक पाडला तो ऐकून झाल्यावरच्या बोलण्याने.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बाजूला ठेवला. कारण आमच्या टीममध्ये आम्ही बरंच काही मोजतो, किती जणांनी उघडलं, किती वेळ थांबले, परत कधी आले. बघून झाल्यावर माणूस शेजारच्याशी काय बोलला, हे मोजायचा विचार आमच्या कुणाच्या मनात कधी आला नाही.

एक गाव, एक गल्ली, एक घर

पुढे टीव्ही आला तोही सुरुवातीला सभेसारखाच. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून भारताने ६ राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही दाखवला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारच्या कर्नाटकातली गुलबर्ग्याकडची गावं होती. गावाला एकच संच. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चं, पण आमच्यासारख्या जिल्ह्यांच्या गावांना टीव्ही खऱ्या अर्थाने भेटला तो १९८४ नंतर, देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहायला लागली तेव्हा. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं. बाबा तेव्हा नुकतेच नोकरीला लागून परभणीत वसमत रोडकडे खोली घेऊन राहत होते. रविवारी सकाळी साडेनऊला घरमालकांच्या खोलीत चाळीस-पन्नास माणसं. चपलांचा ढीग दाराबाहेर. काही जण आंघोळ करून यायचे, संचाला हार घालायचे. गावाला एक संच होता, तो आता गल्लीला एक झाला होता.

मग १९९१-९२ नंतर केबल. माझा जन्म १९९७ चा, म्हणजे मी केबलच्याच पाळण्यातला. तोवर टीव्ही घराला एक झाला होता. आमच्याकडे रिमोटवरून महायुद्ध चालायचं. बाबांना बातम्या, आईला मालिका, मला कार्टून, ताईला गाणी. तेव्हा हे भांडण वाटायचं. आता वाटतं, ती एक प्रकारची घरातली ग्रामसभाच होती. कुणाला किती वेळ मिळणार हे रोज बोलून (आणि रडून) ठरायचं. दुसऱ्याला काय आवडतं हे तरी कळायचं. बाबांना एक मालिका मनातून आवडते हे मला तेव्हाच कळलं होतं.

आणि लोडशेडिंग! माझ्या वयाच्या मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा. २००५ ते २०१२ च्या आसपास दिवसाचे कित्येक तास लाईट नसायची. संध्याकाळी लाईट गेली की "गेली रे गेली" असा गल्लीभर ओरडा, आणि पाच मिनिटांत सगळी गल्ली बाहेर. बाजा टाकलेल्या, बायका एकीकडे, पोरं भेंड्या खेळतायत. लोडशेडिंगचं कौतुक करायचं नाहीये. शेतकऱ्यांचे पंप बंद पडायचे, ताईने दहावीचा अभ्यास कंदिलावर केला. पण सगळ्यांची लाईट एकाच वेळी जायची, हे महत्त्वाचं. एकट्याची गेली असती तर तो बिचारा बाहेर येऊन काय करणार होता?

माणशी एक

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे भरभर सांगतो. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरने पान कधी संपणारच नाही अशी सोय शोधली. खाली सरकवत राहा, नवीन येत राहील. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला, पण तोवर बाण सुटला होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. आधी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये पडायचे, ते काही वर्षांत दहा-पंधरावर आले. अण्णांच्या सेलचं लिमिटही गेलं आणि निवेदकाची घोषणाही गेली. सभा सुरूच राहिली, फक्त तिच्यात माणूस एकच उरला.

मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मी तेव्हा परभणीला घरून काम करत होतो. शाळेकडून लिंक यायची, आणि ताईच्या घरात स्मार्टफोन एकच, तोही दाजींबरोबर दुकानात. आठ वर्षांचा पोरगा शाळेला मुकतोय म्हणून ताई रडकुंडीला आलेली. तेव्हा मी साडेआठ हजारांचा फोन घेऊन त्याच्या हातात दिला. होय, मीच. त्या दिवशी मी घरातला हिरो होतो.

असे मामा गावोगाव होते. असरच्या सर्वेक्षणात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं ग्रामीण भारतातलं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के झालं. तीन वर्षांत जवळपास दुप्पट. आणि असर २०२४ प्रमाणे १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काहीतरी केलं होतं आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया वापरला होता.

फोन अभ्यासाच्या दारातून घरात आला. शाळा उघडल्या, पण फोन कुणी परत मागितला नाही. मीही नाही.

सातचा भोंगा

आता सांगली जिल्ह्यात चला. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं साधारण तीन हजार वस्तीचं गाव आहे. लॉकडाऊन संपल्यावर तिथल्या शिक्षकांच्या लक्षात आलं की मुलांचं वर्गात लक्ष नाही, घरीही पुस्तक उघडत नाहीत. सरपंच विजय मोहिते ह्यांनी विषय गावापुढे मांडला, आधी बायकांशी बोलणं झालं, आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून एक पद्धत सुरू झाली. संध्याकाळी ७ वाजता भैरवनाथाच्या मंदिरावरचा भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास, साडेआठपर्यंत, गावातले सगळे टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर बोलायचं. सुरुवातीला लोक हसले. शिक्षक, अंगणवाडी ताई घरोघर फिरले. मग हळूहळू जमलं. बातमी जगभर गेली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांसी गावाने ग्रामसभेत ठराव केला, की १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल नाही. ऑस्ट्रेलियाने तर कायदाच केला. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही, आणि ते बघायची जबाबदारी कंपन्यांवर आहे.

कंपन्यांवर जबाबदारी टाकणं मला पटतं. मी आतून बघतोय म्हणून जास्तच पटतं. पण घरापुरता विचार केला तर बांसी आणि वडगाव ह्यांत मोठा फरक आहे. एकीकडे नियम फक्त मुलांना, दुसरीकडे आज्यापासून नातवापर्यंत सगळ्यांना. वडगावने मोबाईल काढून घेतला नाही. त्यांनी दिवसातले दीड तास वेगळे काढले आणि "आता संपलं" असं म्हणणारा निवेदक मंदिरावर बसवला. गावातली सगळ्यांची लाईट जणू रोज एकाच वेळी घालवली. केसकरांना आणि आमच्या अण्णांना जे जमलं नाही ते तिथे जमलं, कारण नियम करणारेही त्याच सभेत बसले होते.

आणि त्या जुन्या ओसरीसारखं ह्यात कुणाला बाहेर ठेवलं जात नाही, हेही महत्त्वाचं. हे मला ताईमुळे कळलं. मी उत्साहाने म्हटलं, सरळ त्याचा फोन काढून घेऊ. तर ताईच म्हणाली, "नको. माझं लग्न २१ व्या वर्षी झालं तेव्हा माझ्याकडे स्वतःचा फोन नव्हता. मैत्रिणीला फोन करायचा तर बाबांना विचारायचं. आता मी मोबाईलवर बघून ब्लाऊज शिवते, चार पैसे कमावते, मुक्त विद्यापीठाची परीक्षा दिली. मला कुणाचाच फोन हिसकावायचा नाही. मला फक्त तो माझ्याशी बोलायला पाहिजे."

इतक्या वेळात पहिल्यांदा कुणीतरी नेमकी रिक्वायरमेंट सांगितली होती. मी आपला कुलूप बनवत बसलो होतो.

आमची सभा

भाऊबीजेच्या रात्री मी प्रस्ताव मांडला. रोज रात्री ८ ते ९, घरातले सगळे फोन टीव्हीच्या कपाटात. भाचेसाहेबांनी लगेच विचारलं, "आबांचा पण?" बाबा रोज त्या वेळेला मोठ्या आवाजात यूट्यूबवर कीर्तन ऐकतात. बाबा गप्प. "आणि पप्पांचा?" दाजी म्हणाले, रब्बीचे दिवस आहेत, हरभऱ्याच्या बियाण्यासाठी गिऱ्हाइकं त्याच वेळेला व्हॉट्सॲप करतात. मी म्हटलं, "दाजी, तुम्ही एक तास उशिरा उत्तर दिलं तर हरभरा उगवायचा राहणार नाही." दाजी नाराजीनेच हो म्हणाले. बाबाही म्हणाले, बरं.

पहिली पंधरा मिनिटं भयंकर गेली. काय बोलायचं ते कुणालाच सुचेना. मग लायसनची पुस्तिका हातोहात फिरली. बाबांनी माळवदावरची सिलोनची गोष्ट नातवाला परत, जरा तिखटमीठ लावून सांगितली. आजी म्हणाली, मला माहीत होतं रेडिओ वर जातो म्हणून, मीच सेल बदलून ठेवायची. हे बाबांनाही नवीन होतं! भाचेसाहेबांनी पेचकस आणून रेडिओ उघडला. नवीन सेल घालूनही तो काही बोलला नाही, पण आतले भाग कुठले कशाचे हे मी त्याला दाखवत होतो आणि तो विचारत होता. बऱ्याच वर्षांनी.

आणि ८ वाजून ४० मिनिटांनी कपाटातून एक फोन वाजला. माझा. दिवाळीची ऑन-कॉल ड्युटी, सर्व्हर डाऊन. मी उठलो. नियम करणाऱ्यानेच पहिल्या दिवशी मोडला. कुणी काही बोललं नाही, पण भाच्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

ह्याला आता काही महिने झाले. ताई सांगते की आठवड्यातून तीन-चार दिवस जमतं. हंगामात दाजींचं जमत नाही. पोरगा अजूनही रात्री उशिरापर्यंत जागतो, पण वर्गात एका मुलाशी भांडण झालं होतं ते त्याने आईला आपणहून सांगितलं. ते कुलूपवालं ॲप मी काढून टाकलं.

ऑफिसमध्येही एक उद्योग करून बसलोय. रात्री १० नंतर एकही निरोप पाठवायचा नाही, असा प्रस्ताव दिला. मॅनेजर म्हणाला, आकडे पडतील, पण ए-बी टेस्टला टाकून बघ. टाकलंय. न्यूराथसाहेबांचं नाव घेऊन.

रिझल्ट अजून यायचाय. असो. रविवारचे रात्रीचे आठ वाजत आलेत, घरी फोन करायचा तर आत्ताच करायला हवा, नंतर कपाट बंद होईल. तेव्हा आजची सभा इथेच संपली.